लांब भिंगांची दुनिया – भाग १२ : कन्व्हर्टर घेण्याआधी प्रकाशाचा हिशेब

गेल्या भागाच्या शेवटी गिंबल हेडबद्दल लिहीन असं म्हटलं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतोय. त्या भागात जाता जाता टेलिकन्व्हर्टरचा एका ओळीत उल्लेख आला आणि आलेली बहुतेक पत्रं त्या एका ओळीवरचीच निघाली. या विषयावर मी वर्षानुवर्षं मित्रांशी तासन्‌तास बोलत आलोय, त्यामुळे आयती चालून आलेली संधी सोडवत नाही.

सगळ्यात नेमका प्रश्न सांगलीच्या एका शिक्षिका वाचकांचा आहे. त्यांच्याकडे १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे, ६००ला एफ/६.३. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी सेन्सरचा. मे महिन्यात ताडोब्याला जायचंय. ‘कन्व्हर्टर १.४चा घेऊ की २चा?’ असं त्या विचारतात.

ताई, ताडोब्यासाठी कुठलाच घेऊ नका. कारण आधी अंतराच्या भाषेत सांगतो. मे महिन्यात वाघ पाणवठ्याशी सापडतो आणि जिप्सी रस्त्यावर असते. पुष्कळदा दोघांत वीस-तीस मीटरचंच अंतर उरतं. तुमच्या कॅमेऱ्याला ६००वर १.४चा कन्व्हर्टर लावला की ८४० मिलिमीटर झाले. वीस मीटरवर या जोडीच्या चौकटीत जेमतेम ५६ सेंटिमीटर रुंदीचं दृश्य मावतं. म्हणजे वाघाचं डोकं आणि थोडी मान. झूम मागे घेतली तरी कन्व्हर्टरमुळे १५०चे २१० झालेले असतात आणि वीस मीटरवर चौकट सव्वादोन मीटरची भरते. वाघ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अडीच-तीन मीटर असतो. नुसत्या लेन्सने तो १५०ला अख्खा बसला असता, कन्व्हर्टर लावून शेपटी कापली जाणार. आणि उघड्या जिप्सीत, धुळीत, वाघ समोर असताना कन्व्हर्टर काढायला लेन्स उतरवणं म्हणजे सेन्सरवर धुळीला आमंत्रण.

अंतराचा मुद्दा इथेच सोडतो, कारण खरा मुद्दा प्रकाशाचा आहे. कन्व्हर्टर कोणता घ्यावा, घ्यावा की नाही, या सगळ्याचं उत्तर एकाच प्रश्नात आहे: तुमच्या लेन्सकडे खर्च करायला प्रकाश किती शिल्लक आहे? ‘किती जवळ येईल’ हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

ही युक्ती जुनी आहे. वूलिचच्या रॉयल मिलिटरी अकॅडमीत शिकवणारे इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८३०च्या दशकात दुर्बिणीसाठी एक अंतर्गोल भिंग वापरलं. वस्तुभिंगातून आलेले किरण एका बिंदूकडे मिटत जात असतात. वाटेत हे भिंग ठेवलं की ते थोडे उशिरा मिटतात आणि प्रतिमा मोठी होते. ग्रह-तारे पाहणाऱ्यांच्या पेटीत बार्लो लेन्स आजही असते. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारा टेलिकन्व्हर्टर ही त्याच बार्लो लेन्सची, जास्त भिंगांची आणि जास्त काटेकोर अशी पुढची पिढी आहे.

मोठी झालेली प्रतिमा जास्त जागेवर पसरते. प्रकाश मात्र तेवढाच असतो. एका वाटीतलं तूप दोन भाकऱ्यांना लावलं की थर पातळ होणारच. १.४ पट मोठी प्रतिमा म्हणजे लांबीत १.४ पट आणि रुंदीत १.४ पट, म्हणजे क्षेत्रफळ दुप्पट. प्रकाश निम्मा, एक स्टॉप गेला. २ पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, दोन स्टॉप गेले. निकॉनचा जुना १.७चा कन्व्हर्टर यांच्या मधला, दीड स्टॉप खाणारा. कितीही महागडा कन्व्हर्टर घेतला तरी हा कर चुकत नाही, कारण तो भूमितीचा कर आहे.

हेच दुसऱ्या बाजूने पाहा. एफ क्रमांक म्हणजे लेन्सची लांबी भागिले प्रकाश आत येण्याच्या खिडकीचा व्यास. ताईंच्या लेन्सचे ६०० घ्या आणि ६.३ने भागा, ९५ मिलिमीटर येतात. ही त्या लेन्सची खिडकी. मागे काहीही जोडलं तरी पुढची खिडकी ९५चीच राहणार. १.४ लावून लांबी ८४० झाली, ८४० भागिले ९५ म्हणजे जवळजवळ एफ/९. २ लावून लांबी १२००, आणि एफ/१३.

आता ताडोब्यातली पहाटेची फेरी डोळ्यांसमोर आणा. बांबूच्या सावलीत वाघ बसलाय. नुसत्या लेन्सला एफ/६.३, १/५०० सेकंद, आयएसओ ३२०० असं माप बसतंय असं धरा. १.४ लावल्यावर त्याच शटरला आयएसओ ६४००. पण लांबी वाढली म्हणजे हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसणार, तेव्हा शटर १/८००वर न्यावं लागेल. आयएसओ दहा हजारांच्या घरात गेला. २चा कन्व्हर्टर असेल तर शटर न वाढवताच १२८०० होतात आणि १२०० मिलिमीटरला १/५०० पुरेसं नाही. एपीएस-सी सेन्सरवर या आयएसओला वाघाच्या मिशा आणि गालावरचे बारीक केस उसळलेल्या नॉईजमध्ये विरघळतात. मोठं चित्र मिळतं, त्यात माहिती कमी असते.

फोकसचं गणितही याच एफ क्रमांकावर अडतं. डीएसएलआर कॅमेऱ्याचा फोकस मोजणारा भाग लेन्सच्या दोन वेगवेगळ्या कडांकडून आलेला प्रकाश पाहतो आणि दोन प्रतिमा जुळतात की नाही हे तपासतो. एफ क्रमांक वाढला की त्या कडांचा प्रकाश तिथवर पोहोचतच नाही. बहुतेक डीएसएलआरमध्ये ही मर्यादा एफ/५.६वर आखलेली होती. त्या काळी काही हौशी लोक कन्व्हर्टरच्या पितळी पिनांपैकी काहींवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावत. कन्व्हर्टर बसलाय हे कॅमेऱ्याला कळू द्यायचं नाही, म्हणजे तो फोकस करायचा प्रयत्न तरी करतो. भर उन्हात ही युक्ती कधी कधी चालायची, सावलीत लेन्स पुढे-मागे शोधत राहायची. मग कंपन्यांनीच कुंपण पुढे सरकवलं. २०१२च्या निकॉन डी४मध्ये मधल्या काही बिंदूंवर एफ/८पर्यंत फोकस आला. कॅननने ५डी मार्क ३ला २०१३मध्ये फर्मवेअर बदलून मधल्या बिंदूवर तीच सोय दिली. डीएसएलआर वापरणाऱ्यांनी आपल्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत ‘एफ/८’ हा शब्द शोधावा. तो सापडला नाही, तर एफ/५.६च्या लेन्सवर कन्व्हर्टर घेऊ नये.

मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, म्हणून कुंपण फार लांब गेलंय. कॅननच्या आर५सारख्या कॅमेऱ्यात ते एफ/२२पर्यंत आहे. पण ‘फोकस होतो’ आणि ‘उडत्या पक्ष्यावर फोकस टिकतो’ यांत अंतर आहे. एफ/९, एफ/११ला कॅमेऱ्याला मिळणारा प्रकाश कमीच असतो. स्वच्छ उन्हात उडणारी नदीसुरय तो पकडेल, ढगाळ संध्याकाळी झाडीत शिरलेला स्वर्गीय नर्तक हातचा जाईल.

मग कोणत्या लेन्सला कन्व्हर्टर शोभतो? उतरंड लावू.

एफ/२.८च्या लेन्स सगळ्यात श्रीमंत. ७०-२००, ३०० किंवा ४०० मिलिमीटर, एफ/२.८. यांना १.४ लावला तर एफ/४, २ लावला तर एफ/५.६. दोन्ही आकडे सुखाचे आहेत. २चा कन्व्हर्टर बनवला जातो तो मुळात याच घराण्यासाठी. ज्यांच्याकडे लग्नाच्या फोटोग्राफीसाठी घेतलेली ७०-२०० एफ/२.८ आधीच आहे आणि वर्षातून दोन-चारदा पक्षी पाहायला जायचं असतं, त्यांनी २चा कन्व्हर्टर जरूर घ्यावा. १४०-४०० एफ/५.६ अशी लेन्स कमी खर्चात आणि कमी वजनात हाती येते. १००-४०० मिलिमीटरची स्वतंत्र लेन्स ४००ला याहून चांगलं चित्र देते, फोकसही जलद करते. पण तिची किंमत आणि तिचं वजन रोज वागवायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

दुसरी पायरी एफ/४ची. ३००, ५००, ६०० मिलिमीटर एफ/४. १.४ लावून एफ/५.६, उत्तम. २ लावून एफ/८, तोही तिपाईवर आणि चांगल्या उजेडात. माझी लाडकी जोडी याच पायरीवरची आहे: निकॉनची २०१५मध्ये आलेली ३०० एफ/४ पीएफ आणि १.४चा कन्व्हर्टर. लेन्स फक्त ७५५ ग्रॅमची. दोन्ही मिळून किलोभराच्या आत ४२० मिलिमीटर एफ/५.६ होते, आणि सिंहगडच्या पायथ्याच्या ओढ्याकाठी दिवसभर हातात धरून फिरता येतं.

तिसरी पायरी एफ/५.६ची. १००-४००, २००-५००, ५०० पीएफ. इथे फक्त १.४, आणि आकडा एफ/८. सकाळी आठनंतरच्या उघड्या माळावर चालेल, जंगलात नाही.

चौथी पायरी एफ/६.३ आणि एफ/७.१ची. सोनीची २००-६०० किंवा निकॉनची १८०-६०० या लेन्स कन्व्हर्टर घेतात. १.४ला ८४० मिलिमीटर एफ/९ होतात. कॅननची १००-५०० तर १.४ला ७०० मिलिमीटर एफ/१० होते. भर उन्हात उजनीच्या पाण्यात स्थिर उभे असलेले रोहित टिपायला हे पुरतं. या पायरीवर २चा कन्व्हर्टर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एफ/१३ला प्रकाश तर जातोच, शिवाय विवर्तनही आडवं येतं. हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू एफ/१३ला सेन्सरवर साधारण १७ मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर एक पिक्सेल चार मायक्रॉनच्या आत असतो. एक बिंदू चार पिक्सेल रुंदीवर पसरला, तर प्रतिमा मोठी करून नवं काय दिसणार?

इथे पुष्कळांना रास्त शंका येते. कन्व्हर्टर न लावता नुसत्या लेन्सने काढलेला फोटो घरी क्रॉप केला तर? या प्रश्नाचं उत्तर मी सांगण्यापेक्षा तुमची भिंत आणि तुमचं वर्तमानपत्र जास्त चांगलं सांगेल. ही चाचणी मला इतकी आवडते, की कुणी कन्व्हर्टर घ्यायचा म्हटलं की मी आधी हीच करायला लावतो. दुकानदार ओळखीचा असेल तर कन्व्हर्टर एका दिवसापुरता मागून आणावा. नाहीतर पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने देणारे आहेत, त्यांच्याकडून आणावा.

वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान घ्या. ते सोसायटीच्या पार्किंगमधल्या भिंतीवर चारही कोपऱ्यांना पट्टी लावून सपाट चिकटवा. वीस-पंचवीस मीटर मागे तिपाई लावा. वेळ सकाळची, जमीन तापायच्या आधीची. लेन्स पूर्ण लांबीला, अ‍ॅपर्चर सगळ्यात मोठं, दोन सेकंदांचा टायमर, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद. फोकस करून चार फोटो काढा, प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा करा. मग तिपाई न हलवता कन्व्हर्टर लावा आणि तसेच चार. त्यानंतर अ‍ॅपर्चर एक स्टॉप बारीक करून आणखी चार. घरी संगणकावर नुसत्या लेन्सचा सर्वांत चांगला फोटो १.४ पट मोठा करा आणि कन्व्हर्टरच्या सर्वांत चांगल्या फोटोशेजारी ठेवा.

पाहायचं काय? देवनागरीची कसोटी इथे फार उपयोगी आहे. छोट्या जाहिरातीतलं अक्षर दोनेक मिलिमीटरचं असतं आणि त्यावरचा अनुस्वार टाचणीच्या टोकाएवढा. पंचवीस मीटरवरून ६०० मिलिमीटरच्या लेन्सने तो अनुस्वार सेन्सरवर जेमतेम दोन पिक्सेलचा होतो. ‘संपर्क’ शब्दातल्या ‘सं’वरचा ठिपका आणि ‘र्क’वरचा रफार वेगवेगळे ओळखू येतात का? ‘क्ष’ची गाठ उघडी दिसते की काळा गोळा? नुसत्या लेन्सच्या मोठ्या केलेल्या फोटोत जे वाचता येत नाही, ते कन्व्हर्टरच्या फोटोत वाचता येत असेल तर त्या जोडीत दम आहे. दोन्ही सारखेच धूसर असतील तर क्रॉप करा आणि पैसे पेट्रोलला ठेवा. कन्व्हर्टरचा फोटो मोठ्या अ‍ॅपर्चरला धूसर आणि एक स्टॉप बारीक केल्यावर स्वच्छ असेल, तर त्या जोडीची खरी किंमत दोन स्टॉप आहे हे लक्षात ठेवून निर्णय घ्या.

या चाचणीत बहुधा दिसतं ते असं. एफ/२.८ किंवा एफ/४ची चांगली स्थिर लांबीची लेन्स आणि त्याच कंपनीचा १.४ असेल, तर कन्व्हर्टर स्पष्ट जिंकतो. मध्यम दर्जाच्या झूमवर तो जेमतेम बरोबरी करतो. कन्व्हर्टर लेन्सच्या प्रतिमेचा मधला भाग घेऊन ताणतो, तेव्हा लेन्सचे दोषही १.४ पट ताणले जातात. कडेची जांभळी किनार असो की किंचित मऊपणा, जे आधी दिसत नव्हतं ते दिसू लागतं. सेन्सरच्या पिक्सेलचाही यात वाटा आहे. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर १.४ पट क्रॉप केलं तरी बावीस-तेवीस मेगापिक्सेल उरतात, मोठ्या छपाईला पुरेसे. २४ मेगापिक्सेल असतील तर बारा उरतात आणि तिथे कन्व्हर्टरची गरज जास्त भासते.

कोणत्या कंपनीचा घ्यावा, याचं उत्तर लेन्स ज्या कंपनीची तिचाच. यामागे निष्ठेपेक्षा मापाचा प्रश्न आहे. बहुतेक चांगल्या कन्व्हर्टरचं पुढचं भिंग नळीतून बाहेर आलेलं असतं आणि ते लेन्सच्या मागच्या पोकळीत शिरतं. जिथे पोकळी नाही तिथे भिंगावर भिंग आदळेल. म्हणून २४-७० किंवा १८-५५ला हे कन्व्हर्टर बसत नाहीत, जोर लावून बसवायचा प्रयत्नही करू नये. केन्कोसारख्या कंपन्यांच्या ज्या कन्व्हर्टरचं भिंग बाहेर येत नाही, ते जास्त लेन्सना बसतात. पण बसणं आणि जुळणं वेगळं, तेव्हा वर्तमानपत्राची चाचणी तिथे दुप्पट महत्त्वाची.

काही अडचणी खरेदीनंतर कळतात, त्या आधीच सांगून ठेवतो. कॅननच्या १००-५००ला कन्व्हर्टर लावायचा तर झूम ३००च्या पुढे न्यावी लागते, आणि तो लावलेला असेपर्यंत ती ३००च्या मागे येत नाही. म्हणजे ४२० ते ७०० एवढाच पल्ला मिळतो आणि लेन्स आखडून छोट्या बॅगेत ठेवता येत नाही. निकॉनची जुनी एफ माउंटची लेन्स एफटीझेड अडॅप्टरने झेड कॅमेऱ्याला लावत असाल तर कन्व्हर्टरही एफ माउंटचाच लागतो, तो लेन्स आणि अडॅप्टरच्या मध्ये बसतो. झेडचा नवा कन्व्हर्टर तिथे चालत नाही. कॅननच्या ईएफ लेन्सचंही तसंच. सोनीच्या कॅमेऱ्यासाठी सिग्मा किंवा टॅमरॉनची लांब झूम घेतलेल्यांना तर कन्व्हर्टरचा मार्गच बंद आहे. सिग्माची तीच लेन्स एल माउंटमध्ये कन्व्हर्टर घेते, सोनी माउंटमध्ये नाही. लेन्स घेतानाच पुढे कन्व्हर्टर लागणार असं वाटत असेल, तर लेन्स निवडायच्या आधी कंपनीची यादी पाहावी.

आणि आता माझा आवडता विषय, हवा. लांब भिंगांबद्दलच्या चर्चेत काचेवर जेवढं बोललं जातं त्याच्या दहावा हिस्साही हवेवर बोललं जात नाही. तापलेल्या जमिनीवरून हवेचे गरम-गार पदर वर चढत असतात आणि प्रत्येक पदर प्रकाश थोडा वाकवतो. शंभर मीटरवरचा लांडगा टिपताना तुमच्या आणि त्याच्यामध्ये अशी शंभर मीटर खळबळती हवा असते. मार्चमध्ये कडबनवाडीच्या माळावर सकाळी नऊनंतर काढलेले कितीतरी फोटो लोक मला दाखवतात आणि लेन्सला दोष देतात. लेन्स निर्दोष असते. कन्व्हर्टर त्या थरथरीला १.४ किंवा २ पट मोठं करून देतो, एवढंच.

पाण्यावर हा प्रकार आणखी फसवा आहे. भिगवणला डिसेंबरच्या पहाटे हवा गार असते आणि उजनीचं पाणी तिच्यापेक्षा उबदार. पाण्यावर वाफ दिसते, दृश्य अप्रतिम असतं आणि दूरचे पक्षी मऊ येतात. दिवस थंड म्हणजे हवा स्थिर, हा समज चुकीचा. हवा आणि खालचा पृष्ठभाग यांच्या तापमानात फरक किती, त्यावर सगळं ठरतं. ढगाळ दिवशी, किंवा पाऊस पडून गेल्यावर हा फरक कमी असतो आणि लांबचे फोटो आश्चर्य वाटावं इतके स्वच्छ येतात.

ओळखायचं कसं? फोटो काढण्यापूर्वी मागच्या पडद्यावर दृश्य दहापट मोठं करून पक्ष्याच्या कडेकडे काही क्षण नुसतं पाहत राहा. कडा उकळत असल्यासारखी हलली, तर कन्व्हर्टर काढून ठेवा आणि नावाड्याला नाव हळूहळू पुढे घ्यायला सांगा. शंभर मीटरचं अंतर सत्तर मीटर केलं की १.४चा कन्व्हर्टर लावल्याएवढा पक्षी मोठा होतो. प्रकाश जात नाही, आणि मधली खराब हवा तीस मीटरनी कमी होते. कुंभारगाव-डिकसळच्या नावाड्यांना पक्षी किती जवळ येऊ देतो याची जाण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असते. त्यांच्या अंदाजावर विश्वास ठेवावा. पक्ष्याने मान ताठ केली की तिथेच थांबायचं.

कन्व्हर्टरचा एक उपयोग मात्र असा आहे की त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं, आणि माझ्या मते तो सगळ्यांत आनंदाचा आहे. कन्व्हर्टर लावल्यावर लेन्सचं फोकसचं किमान अंतर बदलत नाही. जेवढ्या जवळ ती आधी फोकस करायची, तेवढ्याच जवळ आताही करते, फक्त प्रतिमा १.४ पट मोठी. कॅननची १००-४००ची दुसरी आवृत्ती ९८ सेंटिमीटरवर फोकस करते आणि वस्तूची ०.३१ पट प्रतिमा देते. १.४ लावला की तीच ०.४३ पट, जवळजवळ निम्म्या आकाराची. फुलपाखराला न बिचकवता मीटरभरावरून हे साधतं. सप्टेंबरमध्ये पाऊस उघडला की घाणेरीच्या झुडपावर नीलवंत येतो, तेच आपलं राज्य फुलपाखरू. काळ्या मखमली पंखांवरचा निळा पट्टा जवळून पाहिला तर तो रंगाचा सपाट थर नसतो. कौलांसारखे ओळीने बसवलेले खवले असतात आणि पट्ट्याच्या कडेला निळे-काळे खवले एकमेकांत मिसळलेले दिसतात. हा तपशील मला मॅक्रो लेन्सच्या आधी कन्व्हर्टरने दाखवला. चतुरांच्या पंखांवरच्या शिरा, सरड्याच्या गळ्याखालचे खवले, सगळं याच अंतरावरून. इथे एफ/८चं दुःखही नसतं, कारण इतक्या जवळून खोली मिळावी म्हणून अ‍ॅपर्चर तसंही बारीकच ठेवावं लागतं.

आता जुन्या बाजाराबद्दल थोडं. कन्व्हर्टर वापरलेला घ्यायला हरकत नसलेली वस्तू आहे. त्यात मोटर नसते, झिजणारे भाग फार थोडे. चार गोष्टी पाहाव्यात. टॉर्च तिरपी धरून काचेतून आरपार पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. कोकणात किंवा मुंबईच्या दमट घरात कपाटात पडून राहिलेल्या काचेला ती हमखास लागते. दोन्ही बाजूंच्या पिना स्वच्छ आणि एका पातळीत आहेत का पाहा. लेन्स आणि कॅमेरा लावून हलकेच पिळा. दोन्ही जोडांत खेळ जाणवला तर घेऊ नका, कारण सगळं वजन त्या दोन कड्यांवर असतं. शेवटी कॅमेऱ्याच्या पडद्यावर अ‍ॅपर्चरचा आकडा वाचा. एफ/४च्या लेन्सवर १.४ लावल्यावर एफ/५.६ दिसलं पाहिजे. तसं दिसलं नाही तर आतला संवाद तुटलेला आहे.

डीएसएलआरवाल्यांसाठी एक जास्तीचं काम. कॅमेऱ्यात फोकस फाइन ट्यूनची सोय असेल तर कन्व्हर्टरसह लेन्सची नोंद वेगळी करावी. नुसत्या लेन्सला जुळवलेलं माप कन्व्हर्टर लावल्यावर जुळेलच असं नाही, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

कन्व्हर्टर लेन्समध्येच बसवलेल्या भिंगांबद्दलही पत्रांतून विचारणा आहे. कॅननने २०१३मध्ये २००-४०० एफ/४मध्ये १.४चा कन्व्हर्टर आतच बसवला, एक खटका ओढला की तो प्रकाशाच्या वाटेत येतो. निकॉनने २०१८मध्ये १८०-४०० आणि २०२२मध्ये ४०० एफ/२.८ व ६०० एफ/४ अशाच काढल्या. त्या लेन्सवर एक पूर्ण भाग लिहिण्यासारखा आहे, तो लिहीन.

पुढच्या आठवड्यात गिंबल हेड, या वेळी नक्की. तोवर ज्यांच्याकडे कन्व्हर्टर आहे त्यांनी वर्तमानपत्राची चाचणी करून पाहावी, आणि लेन्स, कॅमेरा, अंतर व अनुस्वार वाचता आला की नाही, एवढं कळवावं. पुरेशी पत्रं आली तर कोणत्या जोड्या खऱ्या जमतात याची यादी वाचकांच्याच अनुभवावरून इथे छापू.